भारत-चीनच्या नैसर्गिक जंगलाची तुलना : आकडे आहेत, पण तुलना बरोबर आहे का? मदत हवी

नमस्कार मंडळी,

एम. ए. भूगोलाच्या सेमिनारसाठी भारत आणि चीनमध्ये आपोआप उगवून वाढलेल्या जंगलाचं क्षेत्र १९९० ते २०२० मध्ये कसं बदललं, ते मांडतेय. आकडे एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) २०२० च्या वनसंसाधन आढाव्यातले.

पहिला आलेख बघून सरांनी विचारलं, "२०१५ ला असं काय झालं, की चीनची चढती रेघ एकदम मंदावली?" काहीच झालं नव्हतं. आकडे १९९०, २०००, २०१०, २०१५ आणि मग दरवर्षीचे आहेत. एक्सेलने दहा वर्षांना जेवढं अंतर दिलं, तेवढंच एका वर्षाला दिलं! स्कॅटर आलेख काढल्यावर तो बाक गेला. एवढं माझं मलाच सापडलं, पुढचं सापडत नाहीये.

भारताचं एकूण जंगल तीस वर्षांत ६.३९ कोटी हेक्टरवरून ७.२२ कोटींवर गेलं. त्यातलं लागवडीचं ०.५७ कोटींवरून १.३३ कोटी झालं. वजा केलं की नैसर्गिक उरतं ५.८२ आणि ५.८९ कोटी. म्हणजे तीस वर्षांत जवळजवळ हललंच नाही? चीनचं २०२० चं एकूण जंगल सुमारे २२ कोटी हेक्टर, त्यात लागवडीचं साडेआठ कोटींच्या आसपास. तिथेही तीच वजाबाकी.

माझी शंका या वजाबाकीवरच आहे. झाडं लावलेली की आपोआप आलेली हे ठरवता येत नसेल, तर ते क्षेत्र नैसर्गिकमध्ये धरा, असं एफएओची व्याख्याच सांगते. मग हे नैसर्गिक जंगल मोजलेलं की उरलंसुरलं?

शिवाय आमच्या संगमेश्वराकडे खासगी रान दहा-पंधरा वर्षांनी तोडतात. ऐन-किंजळीच्या खुंटांना फुटवे येतात आणि रान पुन्हा उभं राहतं. व्याख्येप्रमाणे तेही नैसर्गिक, आणि तोडल्यावर मधली दोन-चार वर्षं उघडं असलं तरी जंगलच. शेजारची न तोडलेली देवराईसुद्धा त्याच रकान्यात. हे गळ्याखाली उतरत नाही.

तर प्रश्न : (१) दोन देशांची अशी शिल्लक शेजारी ठेवणं योग्य आहे का? (२) भारतीय वन सर्वेक्षणाचे आकडे घेतले तर जास्त बरं होईल का?

प्रतिसाद :
दुसऱ्याचं आधी. ते अजिबात करू नका. वन सर्वेक्षण किमान एक हेक्टर जागा आणि दहा टक्के छत्र (म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेली जमीन) एवढंच बघतं, त्यामुळे आंब्याची बागही त्यात येते. एफएओ फळबागा धरत नाही, रबर मात्र लागवडीचं जंगल म्हणून धरतं. चीनच्या स्वतःच्या मोजणीत छत्राची अट वीस टक्के. तीन मापं एका आलेखात घातलीत तर सर पुन्हा विचारतील, आणि या वेळी एक्सेलवर ढकलता येणार नाही.

पहिल्याचं : ठेवा, पण कोटी हेक्टरमध्ये नको. दोन्हीकडे १९९० = १०० धरा. भारत तीस वर्षांनी १०१ वर येतो. आणि अक्षावर 'निव्वळ' हा शब्द हवाच. एकीकडे जुनं रान गेलं आणि दुसरीकडे पडीक जमिनीवर तेवढंच नवं आलं, तरी ही रेघ सपाटच दिसेल. चीनबद्दल लिहिताना १९९८ चा यांगत्सेचा पूर विसरू नका. त्यानंतरच नैसर्गिक जंगलातली तोड थांबवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नुसतं लागवडीचं कौतुक करून थांबलात तर अर्धीच गोष्ट सांगाल.

धागाकर्ती :
खूप आभार. 'निव्वळ' आत्ताच घातलं. देवराई आणि तोडीचं रान वेगळं दाखवायला त्याच आढाव्यातला प्राथमिक जंगलाचा (माणसाच्या वावराच्या ठळक खुणा नसलेलं मूळ रान) उपरकाना वापरला तर चालेल का? की एवढ्या छोट्या देवराया त्यात मुळात दिसणारच नाहीत?