उत्तर भारतातला उन्हाळा: फेब्रुवारी ते जून भाजीपाल्याची आखणी कशी करावी?

परसदार_नोएडा (प्रश्न)

ग्रेटर नोएडात घरामागे साधारण २० बाय ३० फुटांची मोकळी जागा आहे, शिवाय गच्चीवर १५ मोठ्या कुंड्या मावतील. माती गाळाची, थोडी चिकण. पाणी बोअरचं आणि जड. सकाळी ७ ते संध्याकाळी ५ थेट ऊन, पश्चिमेला काहीही आडोसा नाही. महाराष्ट्रात उन्हाळी भेंडी-गवार जानेवारीतच टाकतात, पण इथे तेव्हा धुकं आणि कडाक्याची थंडी असते, त्यामुळे ते वेळापत्रक उपयोगाचं नाही. मग फेब्रुवारी ते जून काय काय आणि कधी पेरायचं? लू (मे-जूनमधला पश्चिमेचा तापलेला कोरडा वारा) कोणत्या भाज्यांना सोसते? घरात ४ माणसं आहेत. भेंडी, गवार, दुधी, कारलं, काकडी, पालेभाजी आणि जमलाच तर टोमॅटो हवा आहे.

बांधकरी

पेरणीपासून पुढे मोजत जाऊ नका, लूपासून मागे मोजा. तुमच्या पट्ट्यात मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिवसाचं तापमान ४० ते ४५ अंश आणि पश्चिमेचा कोरडा वारा असतो. मुळं खोल गेलेलं झाड त्यात तग धरतं, कोवळं रोप करपतं. म्हणजे मे लागेपर्यंत भेंडी-गवार तोडणीला आणि वेल मांडवावर आलेले हवेत. भेंडी आणि काकडी पेरल्यापासून ४५-५० दिवसांत सुरू होते, दुधी-कारल्याला ५५ ते ६५ दिवस लागतात. हे दिवस मागे मोजले की मुख्य पेरणी १५ फेब्रुवारी ते १५ मार्च या महिन्याभरातच बसते. ती चुकली तर एप्रिलमध्ये घाईने सगळं टाकून भरपाई होत नाही.

आणि १५ फेब्रुवारीच्या आधी नको, कारण माती गार असते. भेंडीचं बी १६-१७ अंशांखाली उगवत नाही, ओल्या थंड मातीत कुजतं. बी रात्रभर, १२ तास भिजवून, सावलीत सुकवून टोका. उन्हाळ्यात झाडं बुटकी राहतात म्हणून ओळींत ३० सेंमी आणि दोन झाडांत १५-२० सेंमी पुरतं. चौघांसाठी ४५-५० झाडं ठेवा, पण एकदम नको. निम्मी फेब्रुवारीअखेर, निम्मी १५ मार्चला. अर्का अनामिका, वर्षा उपहार, काशी प्रगती यांपैकी जे ताजं बी मिळेल ते घ्या. पुसा सावनी अजूनही दुकानात दिसते, पण ती केवडा रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा विषाणूरोग) लगेच बळी पडते. तोडणी एक दिवसाआड झालीच पाहिजे. दोन-चार भेंड्या जून होऊन झाडावर राहिल्या की नवी फुलं कमी होतात.

गवार तुमच्या जागेसाठी सगळ्यात भरवशाची. सोटमूळ खोल जातं, पाणी कमी लागतं. पुसा नवबहारला फांद्या फुटत नाहीत, एकच खोड सरळ वर जातं, म्हणून ४५ बाय १५ सेंमीवर दाट लावता येते. तिला शेणखत-पाणी जास्त झालं की पालाच माजतो. चवळी बुटक्या जातीची घ्या (काशी कंचन, पुसा कोमल). एप्रिल-मेमध्ये शेंगा चांगल्या देते, पुढे रात्रीही तापायला लागल्या की फुलं गळतात.

पश्चिम बाजूचं काम मात्र सगळ्यात आधी ठरवा. त्या कडेला मार्चच्या मध्यात ज्वारीच्या दोन ओळी दाट पेरा. लू सुरू होईपर्यंत ती पुरुषभर उंच होते आणि वारा अडवते. ज्वारी आणि भाजीच्या वाफ्यात मीटरभर अंतर सोडा, नाहीतर भाजीचं पाणी तीच ओढेल.

वेलमांडव

वेलांबद्दल लिहितो, कारण उत्तरेत वेळापत्रक चुकल्याचा फटका त्यांना सर्वांत जास्त बसतो. दुधी, काकडी, कारलं या सगळ्यांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. थंड हवा आणि लहान दिवस असताना मादी फुलं जास्त येतात, उष्णता आणि दिवस वाढले की नर फुलं वाढतात. एप्रिलमध्ये पेरलेला दुधी मांडव भरून टाकतो आणि फळ मात्र धरत नाही, याचं मोठं कारण हेच. लोक मग खतं वाढवतात, नत्राने पाला आणखी माजतो.

म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात १० बाय १५ सेंमीच्या पिशव्यांत बी लावा. निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत, तळाला भोकं. कारल्याचं बी २४ तास भिजवा, टोकाकडचं टरफल हलकेच चिमटलं तर उगवण लवकर होते. पिशव्या दिवसा उन्हात, रात्री प्लास्टिकखाली किंवा घरात ठेवा. २ ते ४ खरी पानं आली की, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर, आळ्यात लावा. पिशवी फाडून मातीचा गोळा अखंड ठेवायचा. वेलवर्गीयांची मुळं तुटली की रोप आठवडाभर नुसतं बसून राहतं, आणि इथे तो आठवडा फार महाग पडतो.

आळं ४५ सेंमी रुंद आणि तितकंच खोल. त्यात २-३ किलो कुजलेलं शेणखत आणि ५०-१०० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेण घालू नका, त्याने वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. तुम्हाला दुधीचे २ वेल, कारल्याचे ३-४, घोसाळ्याचे २ आणि काकडीचे ४ पुरे आहेत. ढेमसं (पाकिटावर टिंडा) जमिनीवरच पसरतं, मांडव लागत नाही. उत्तरेतली ही खास भाजी लावून पाहाच. जाती: दुधीला पुसा नवीन, कारल्याला पुसा दो मौसमी, घोसाळ्याला पुसा चिकनी.

दुधीचा मुख्य शेंडा ६-७ पानांवर खुडा. मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात.

फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडत असेल तर परागीभवन होत नाही असं समजा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, घोसाळं, कारलं, काकडी आणि लाल भोपळ्याची सकाळी. दुधीचं ताजं नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचं, वेळ दिवेलागणीची. लाल भोपळ्याला हेच काम सकाळी ८ च्या आत, नंतर परागकण निकामी होतात.

मांडव मजबूत हवा. मे-जूनमध्ये धुळीची आंधी येते, सुतळीवरचा मांडव एका रात्रीत आडवा होतो. बांबू किंवा लोखंडी पाइप ४५-६० सेंमी खोल गाडा आणि वर तार ओढा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: प्रत्येक दुधीचा तुकडा चिरताना चाखायचा. कडू निघाला तर फेकून द्या. शिजवूनही खाऊ नका, रस तर मुळीच नाही. त्या कडू द्रव्याने गंभीर विषबाधा होते आणि शिजवल्याने ते नाहीसं होत नाही.

परसदार_नोएडा

दोघांचेही आभार. टोमॅटो आणि पालेभाजीचं काय करू? आणि गच्चीवरच्या कुंड्यांत यांतलं काही टिकेल का? जड पाण्याची भीती वाटते.

मातीओल

टोमॅटो मार्चमध्ये पेरायचा विचार सोडा. तो एप्रिलअखेर फुलावर येईल, आणि दिवसा ३५ च्या वर, रात्री २५ च्या आसपास तापमान गेलं की पराग निकामी होऊन फुलं गळतात. तयार रोपं १५ फेब्रुवारीच्या आत लागली तरच एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत फळं मिळतील. ढोबळी मिरचीचंही तसंच. वांगी आणि साधी मिरची जास्त काटक आहेत, फेब्रुवारीअखेर रोपं लावा. मेमध्ये फळ कमी झालं तरी झाडं उपटू नका, पाऊस पडला की पुन्हा धरतात.

पालक, मेथी, कोथिंबीर मार्चनंतर लगेच फुलोऱ्यावर जातात. पालकाची शेवटची पेरणी फेब्रुवारीअखेर करून एप्रिलपर्यंत कापा. उन्हाळ्याची खरी पालेभाजी म्हणजे माठ, घोळ आणि मयाळू. माठाचं बी फार बारीक, चौरस मीटरला चिमूटभर पुरतं. कोरड्या वाळूत मिसळून फोका आणि अर्धा सेंमीपेक्षा जास्त माती ओढू नका, खोल गेलं तर उगवत नाही. २५-३० दिवसांनी जमिनीपासून ५ सेंमी ठेवून कापला की ३-४ कापण्या मिळतात. मार्चपासून २० मेपर्यंत दर २० दिवसांनी एक छोटा वाफा टाकत राहा. मुळा हवाच असेल तर पुसा चेतकी, ती एप्रिलनंतरही जमते, पण मुळा ४०-४५ दिवसांत उपटलाच पाहिजे, नाहीतर आतून जाळीदार होतो.

मेपासून माठ आणि मयाळूवर ५० टक्क्यांची शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी जाळी) चालेल. फळभाज्यांवर नको, सावलीत फळधारणा घटते. जाळी झाडांपासून ५-६ फूट उंच ठेवा, अंगावर टेकली तर खाली हवा कोंडते.

गच्चीवर जमिनीपेक्षा मुळं लवकर तापतात. काळी पिशवी किंवा काळी कुंडी दुपारी हाताला चटका देते. गोणपाट गुंडाळा, कुंड्या विटांवर उचला आणि एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे फक्त बाहेरच्या बाजू तापतात. भेंडी १२ इंची कुंडीत एक-एक झाड, दुधीला किमान ४०-५० लिटरची पिशवी. पाइपमधलं उकळतं पाणी आधी वाहू द्या, ते थेट मुळांवर गेलं तर झाड त्याच दिवशी माना टाकतं. पाणी सकाळी ८ च्या आत, मे-जूनमध्ये कुंड्यांना संध्याकाळी पुन्हा. जमिनीतल्या भेंडीला ४-५ दिवसांनी, पण भरपूर. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि लूत सापडतात.

दुपारी दुधीची पानं लोंबकळलेली दिसली म्हणून लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी सावरली तर ओल पुरेशी आहे, सकाळीही लोंबत असतील तर द्या.

जड पाण्याचं म्हणाल तर, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की क्षार साठलेत. दर १५ दिवसांनी एकदा नेहमीच्या दुप्पट पाणी घालून तळातून निथळू द्या, आणि ते थाळीत साचू देऊ नका. जमिनीवर ५-७ सेंमी सुका पाला पसरा. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ होते तेव्हाच पोती भरून ठेवा. खोडापासून चार बोटं मोकळी सोडायची.

बांधकरी

किडींचं राहिलं होतं. मार्चमध्ये लाल भुंगेरे वेलांची पहिली पानंच चाळणी करतात. ४-५ पानं येईपर्यंत बारीक जाळी झाकणं हा सर्वांत सोपा उपाय. नाहीतर भल्या सकाळी, थंडीने ते सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

फळमाशीचा सापळा घेताना नीट पाहा. दुधी-कारल्याला क्यू ल्युअर (नर माश्यांना ओढणारं गंधाचं आमिष) लागतो. दुकानदार बहुतेक वेळा मिथिल युजेनॉल देतात, ते आंब्या-पेरूच्या माशीसाठी आहे. फुलं दिसताच एक-दोन सापळे फळांच्या उंचीवर टांगा. त्यात फक्त नर माश्या सापडतात, म्हणून डंख झालेली वाकडी फळं रोज काढून जाड पिशवीत बंद करून उन्हात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कारल्याला कोवळेपणीच कागदी पिशवी घातली तर डंख होत नाही.

मेमध्ये भेंडी-वांग्याच्या पानांवर फिकट ठिपके आणि खाली बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा ३-४ दिवस लागोपाठ मारा. गंधक ३५ अंशांवर पानं जाळतं, वेलांवर तर नकोच. निंबोळी तेलही ऊन उतरल्यावरच.

आणि २० मे ते १५ जून नवीन काहीही पेरू नका. वाटाणा-बटाट्याचा जो वाफा एव्हाना रिकामा असेल त्याला भरपूर पाणी द्या, वाफसा आल्यावर (पाणी जिरून माती हाताला न चिकटण्याइतकी ओली राहिली की) सपाट करा आणि २५ मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा. काळं नको, त्याखाली माती तितकी तापत नाही. ४ ते ६ आठवड्यांत तणाचं बी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आणि मातीतली बुरशी बरीच मरते. दिल्लीकडे पाऊस साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्याआधी प्लास्टिक काढून, खोल न खणता, त्याच वाफ्यात पावसाळी दोडका आणि भेंडी टोका.