एकही सामना न हरलेल्या फ्लोरिडा स्टेटला प्लेऑफमधून वगळणे योग्य होते का?

धागाकर्ता

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने १३ सामने खेळून तेराही जिंकले आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटाचे, म्हणजे एसीसीचे, विजेतेपद मिळवले. तरीही ३ डिसेंबर रोजी १३ सदस्यांच्या निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी, म्हणजे बाद फेरीसाठी, मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा या चार संघांची निवड केली आणि फ्लोरिडा स्टेटला पाचव्या क्रमांकावर ठेवले. टेक्सस आणि अलाबामा यांच्या खात्यात एकेक पराभव जमा होता. चार संघांची ही पद्धत २०१४ च्या हंगामापासून सुरू होती आणि पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता तिच्यातून बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला १८ नोव्हेंबर रोजी गंभीर दुखापत झाली, त्यामुळे हा संघ पहिल्या ११ आठवड्यांतला संघ राहिलेला नाही, असे कारण समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी दिले. माझा आक्षेप या कारणावरच आहे. ट्रॅव्हिस नसतानाही संघाने फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २४–१५ असे हरवले. त्या सामन्यात राखीव क्वार्टरबॅकच्या डोक्याला मार लागल्यामुळे एसीसीच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनला उतरवावे लागले. त्याच्या २१ पासपैकी फक्त ८ पूर्ण झाले आणि त्यांतून ५५ यार्डच मिळाले, पण लॉरेन्स टोफिलीने चेंडू घेऊन धावत ११८ यार्ड काढले, बचावफळीने प्रतिस्पर्धी लुईव्हिलला एकही टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणे) करू दिला नाही आणि सामना १६–६ असा जिंकला. बचावाच्या बळावर मिळवलेला विजय हलक्या प्रतीचा मानायचा, असे कोणत्या नियमात लिहिले आहे? निकाल जाहीर झाल्यावर, आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर हा संघ केवळ क्वार्टरबॅकचा नाही हे सर्वांना दिसले असते, असे स्वतः ट्रॅव्हिसने लिहिले. एका खेळाडूवर स्वतःच्या दुखापतीबद्दल असे म्हणण्याची वेळ आणणारा निर्णय मला न्याय्य वाटत नाही.

पहिला प्रतिसाद

आपली तळमळ मी समजू शकतो, परंतु समितीने नियमाबाहेर काहीही केलेले नाही. सर्वांत जास्त विजय मिळवणारे संघ निवडणे हे तिचे काम नव्हते, तर चार सर्वोत्तम संघ निवडणे हे होते, आणि महत्त्वाच्या खेळाडूंच्या अनुपस्थितीचा पुढच्या कामगिरीवर होऊ शकणारा परिणाम विचारात घ्यावा, असे तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत आधीपासूनच होते.

शिवाय, जागा कोणाची काढून घ्यायची? अलाबामाने आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला २७–२४ असे हरवून सलग २९ विजयांची मालिका खंडित केली, आणि तो जॉर्जिया आधीच्या दोन्ही हंगामांचा राष्ट्रीय विजेता होता. टेक्ससने सप्टेंबरमध्ये अलाबामाच्या मैदानावर जाऊन ३४–२४ असा विजय मिळवला होता, म्हणजे अलाबामाला घेऊन टेक्ससला वगळता येत नव्हते. मिशिगन आणि वॉशिंग्टन तर अपराजितच होते. फ्लोरिडा स्टेटने एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) ४५–२४ असे सहज हरवले हे खरे, पण तेव्हा ट्रॅव्हिस मैदानावर होता.

दुसरा प्रतिसाद

अनुपस्थितीचा हा निकष २०१४ मध्ये ओहायो स्टेटच्या आड आला नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. त्या संघाचे पहिले दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. तिसऱ्या पसंतीच्या कार्डेल जोन्सला घेऊन तो प्लेऑफमध्ये गेला, त्याने अलाबामाला ४२–३५ आणि ओरेगॉनला ४२–२० असे हरवले आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. बदली क्वार्टरबॅक काय करू शकेल हे समितीच्या खोलीत बसून ठरवता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

हे उदाहरण आपल्या बाजूला पूर्णपणे लागू पडत नाही. निवडीच्या आदल्याच दिवशी जोन्सने विस्कॉन्सिनविरुद्ध संघाला ५९–० असा विजय मिळवून दिला होता, म्हणजे समितीने पाहिले त्यावरच विश्वास ठेवला. २०२३ मध्येही तिने पाहिले त्यावरच निर्णय दिला आणि तिला दिसले ते ५५ यार्ड.

तिसरा प्रतिसाद

मैदानावर काय दिसले हाच निकष असेल तर अलाबामाचे सामनेही त्याच नजरेने पाहावेत. निवडीच्या जेमतेम आठवडाभर आधी, हंगामात चाचपडणाऱ्या ऑबर्नविरुद्ध, शेवटच्या मिनिटात, चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नात, गोलरेषेपासून ३१ यार्डांवरून टाकलेल्या एका पासमुळे हा संघ २७–२४ असा वाचला. तो चेंडू झेलला गेला नसता तर अलाबामाचे नाव चर्चेतही आले नसते. एका संघाच्या डळमळीत विजयाला जिद्द म्हणायचे आणि दुसऱ्याच्या डळमळीत विजयाला दुबळेपणा म्हणायचे, हा दुजाभाव मला खटकतो.

चौथा प्रतिसाद

या वादावर ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या, हंगामाअखेरच्या सामन्याने पडदा टाकला आहे, असे माझे मत आहे. तेथे जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३–३ असे चिरडले. याउलट प्लेऑफमध्ये अलाबामाने पुढे विजेत्या ठरलेल्या मिशिगनला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि २७–२० असा निसटता पराभव पत्करला. समितीचा अंदाज बरोबर ठरला.

धागाकर्ता

ऑरेंज बोलचा दाखला प्रत्येक चर्चेत येतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देतो. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत. काहींना व्यावसायिक फुटबॉलच्या निवडीआधी दुखापत टाळायची होती, काहींनी संघ बदलण्याचा निर्णय घेतला होता, काही जायबंदी होते. राष्ट्रीय विजेतेपद पणाला लागले असते तर यांतले बहुतेक तंदुरुस्त खेळाडू मैदानावर दिसले असते, यात मला शंका वाटत नाही. वगळल्यामुळे संघ विस्कटला आणि त्या विस्कटण्याचाच दाखला देऊन वगळणे योग्य ठरवले जात आहे. शिवाय ३ डिसेंबरचा निर्णय ३ डिसेंबरला जे माहीत होते त्यावरच तपासला पाहिजे.

समितीने नियम मोडला असे माझे म्हणणे नाही, नियमच चुकीचा आहे असे आहे. दुखापतीचा विचार क्रमवारी लावताना जरूर व्हावा. फ्लोरिडा स्टेटला चौथे स्थान देऊन अव्वल मिशिगनसमोर उभे केले असते तर मी तक्रार केली नसती. पण १३ विजय मिळवून आलेल्या संघाला दारातूनच परत पाठवण्यासाठी तोच निकष वापरला, तर सप्टेंबरपासून खेळलेल्या सामन्यांना काय किंमत उरते? २०२४ पासून प्लेऑफ १२ संघांचा झाला आणि क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागेची हमी मिळाली. मैदानावर मिळवलेल्या विजेतेपदावर संघाचा हक्क असतो, हे तत्त्व त्यातून मान्य झाले, फक्त या संघासाठी एक वर्ष उशिरा.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

क्रमवारी आणि प्रवेश यांत आपण केलेला फरक मला पटतो आणि १२ संघांच्या पद्धतीत तो सहज पाळता येईल. मात्र जागा चारच असताना आपला उपाय लागू केला, तर जॉर्जियाला हरवून आलेल्या अलाबामाला बाहेर बसावे लागते. त्यांनाही ती जागा मैदानावरच मिळाली होती. त्यांना काय सांगायचे, याचे उत्तर या धाग्यात अजून कोणी दिलेले नाही.