जो सोडून जाणार, वाढ त्यालाच का?

कासवगती

‘कोण नोकरी सोडणार हे कर्मचाऱ्यांच्या जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारे संगणकीय मॉडेल सहा महिने आधी सांगते, तेव्हा पगारवाढीचा पैसा सगळ्यांवर सारखा शिंपडण्याऐवजी जाण्याच्या बेतात असलेल्या मोजक्या लोकांवर खर्च करावा,’ असे ‘आकडेमोड’ यांनी परवा लिहिले आणि त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला मात्र गप्प राहवत नाही, कारण अशाच एका मॉडेलने काढलेल्या तक्त्यात माझेही नाव होते.

अकरा वर्षे मी एकाच ठिकाणी काम केले. एकदा बैठक संपल्यावर भिंतीवरचा पडदा बंद करायचा राहून गेला आणि आमच्या विभागाची यादी मला दिसली. प्रत्येक नावापुढे एक रंगीत चौकोन होता, आणि माझा हिरवागार होता. क्षणभर बरे वाटले. मग रकान्याचे शीर्षक वाचले: ‘सोडून जाण्याची जोखीम’. माझ्यापुढे ‘अत्यल्प’, आणि त्याला लागून प्रस्तावित वाढीचा सर्वांत लहान आकडा. ज्याची अर्धी कामे मी निस्तरत असे, तो शेजारचा सहकारी लाल होता; तो नवा होता, लांबून येत होता आणि त्याला बढती मिळालेली नव्हती, एवढेच त्याचे कर्तृत्व. हा कुठे जात नाही म्हणून याला कमी द्या, असा हिशोब मांडणाऱ्याने निदान त्याला ‘रिवॉर्ड’ म्हणू नये.

आकडेमोड

आपला अनुभव वाईट आहे, पण आपण थर्मामीटरवर ताप आणल्याचा आरोप करीत आहात. मॉडेल शक्यता सांगते. हिरव्याला कमी द्या असे ते सांगत नाही, तो निर्णय आपल्या वरिष्ठांचा होता. मॉडेल नव्हते तेव्हा वाढ कोणाला मिळत असे? जो साहेबांच्या केबिनमध्ये जास्त वेळ बसे त्याला.

शिवाय मोजून मोबदला दिला की चांगली माणसे टिकतात, याला आधार आहे. मोटारींच्या काचा बसविणाऱ्या सेफलाइट या अमेरिकी कंपनीने तासांवरचा पगार सोडून नगावर मोबदला सुरू केला. एडवर्ड लेझिअर या अर्थतज्ज्ञाने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे दरमाणशी उत्पादन 44 टक्क्यांनी वाढले. त्यातील सुमारे निम्मी वाढ त्याच कामगारांनी अधिक काम केल्याची होती. उरलेल्या वाढीत अधिक कुशल माणसे येण्याचा आणि टिकण्याचा मोठा वाटा होता.

बाराखडी

काच बसली की नाही हे दिसते. ज्या सहकाऱ्याने नव्या मुलाला तीन महिने हाताशी धरून शिकविले, त्याचा नग कोणत्या रकान्यात मोजायचा?

मी सात वर्षे मनुष्यबळ विभागात होते, त्यामुळे या मॉडेलला काय खाऊ घातले जाते ते मला ठाऊक आहे. राजीनाम्याचे कारण नोंदविण्यासाठी आमच्याकडे सात पर्याय होते: उच्च शिक्षण, स्थलांतर, प्रकृती, अधिक पगार, वैयक्तिक कारण वगैरे. ‘वरिष्ठांचा जाच’ हा पर्यायच नव्हता. माणूस एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे निरोपाच्या मुलाखतीत, समोर बसून डोळ्यांत पाणी आणून वेगळेच सांगे, आणि मी ‘अधिक पगार’ निवडून पुढच्या पानावर जाई. अशी काही वर्षांची नोंद साठली की तिच्यातून निष्कर्ष निघतो, ‘लोक पगारासाठी जातात’, आणि मग माणसे टिकावीत म्हणून रिटेन्शन बोनस वाटला जातो. जाच करणारा वरिष्ठ आहे तिथेच असतो. बहुधा बोनस कोणाला द्यायचा हेही तोच ठरवितो.

आकडेमोड

नोंदी खोट्या असतील तर नोंदी सुधारा. आमच्या मॉडेलची अचूकता नव्वद टक्के आहे.

बाराखडी

नव्वद टक्क्यांचे कौतुक मला सांगू नका. शिकाऊ लोक ज्यावर हात साफ करतात तो आयबीएमचा प्रसिद्ध नमुना माहितीसंच घ्या. त्यात 1470 कर्मचारी आहेत आणि 237 सोडून गेलेले आहेत. तो संचही काल्पनिक आहे, हे सांगायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्यावर ‘कोणीही जाणार नाही’ असे डोळे मिटून सांगितले तरी उत्तर 84 टक्के बरोबर येते. हजारांतील शंभर जण जाणार असतील, त्यातले ऐंशी तुम्ही पकडले आणि उरलेल्या नऊशेंपैकी पंधरा टक्क्यांवर चुकून लाल शिक्का मारला, तर यादीत 215 नावे येतात. त्यातील 135 जण कुठेही जाणार नव्हते.

तिसरी पाळी

रेटिंगबद्दल, म्हणजे वरिष्ठांनी कामाला दिलेल्या वार्षिक श्रेणीबद्दल, कोणीच बोलत नाही याचे मला आश्चर्य वाटते. मॉडेलमध्ये सर्वांत वजनदार रकाना तोच असतो, आणि तो बेल कर्व्हमध्ये कोंबून भरलेला असतो: थोडे वर, बरेच मध्ये आणि थोडे तळाला, असे प्रमाण आधीच ठरलेले. आमच्या आठ जणांच्या गटात एकाला तळाला टाकणे सक्तीचे होते. ज्या वर्षी माझी प्रसूतीची रजा होती, त्या वर्षी ‘कोणाला तरी टाकावेच लागते’ म्हणून मला टाकले. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत 2013 मध्ये सोडली. आमच्याकडे ती त्यानंतर सुरू झाली.

सरळरेषा

बेल कर्व्हला शिव्या देणे सोपे आहे. मी स्वतः बारा जणांचा प्रमुख होतो. सक्ती काढली त्या वर्षी आमच्या इमारतीतले सगळेच ‘उत्कृष्ट’ ठरले, कारण कोणालाही वाईटपणा घ्यायचा नव्हता. खरोखर उत्कृष्ट असलेल्या दोघींना इतरांइतकीच वाढ मिळाली आणि दोघीही गेल्या. त्याचा हिशोब कोण देणार?

तिसरी पाळी

वाईटपणा घेण्यासाठीच तुम्हाला प्रमुखाचा पगार मिळत होता. तो घेता आला नाही म्हणून दरवर्षी आठांतल्या एकाचा बळी द्यायचा का?

सरळरेषा

आपण माझ्या जागी कधी बसलेल्या दिसत नाही.

तिसरी पाळी

तळाला टाकलेल्यांना त्या जागी बसवतात कुठे?

आकडेमोड

दोघांनीही जरा थांबावे, ही विनंती. रेटिंगच पक्षपाती असेल तर मॉडेल तोच पक्षपात दशांश चिन्हासह परत देते, हे मी मान्य करतो. (‘बाराखडी’ यांना आनंद झाला असेल.) तरीही एक प्रश्न उरतो. विश्लेषण पूर्ण बंद केले तर एकाच कामाला दोघांना वेगवेगळा पगार मिळतो, हे उघडकीस कसे येणार?

बाराखडी

आनंद झाला, आभार. आकड्यांचा तो उपयोग मला मान्यच आहे: कोण जाणार याऐवजी कोणावर अन्याय झाला आहे, हे शोधा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सहकाऱ्यांचे पगार पाहता येतात हे कळल्यावर, ज्यांना आपल्या गटाच्या मध्यापेक्षा कमी पगार होता त्यांचे समाधान घटले आणि दुसरी नोकरी शोधण्याचा त्यांचा कल वाढला. वरच्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे आपला तक्ता फुटला की हिरव्यांमध्येच नवे लाल तयार होतात. ‘कासवगती’ यांचे नेमके तेच झाले.

कासवगती

झाले खरे. पाच महिन्यांनी मी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी, थांबावे म्हणून, वाढीव पगाराची काउंटर ऑफर समोर आली. जो आकडा तीन वर्षे ‘बजेटमध्ये बसत नाही’ म्हणत होते, तो एका दुपारीत बसला. मी नको म्हणालो.

आकडेमोड

आणि कारणाच्या रकान्यात आपण काय निवडलेत?

कासवगती

‘वैयक्तिक कारण’. शिफारसपत्र घ्यायचे होते.