'सावली' या विषयाला कोणता फोटो देऊ? जंतरमंतर की कुरडया?

शाहूपुरी_सातारा
नमस्कार मंडळी. आम्हा जुन्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. दर पंधरवड्याला एकजण विषय देते, बाकीच्यांनी त्यावर एकेकच फोटो टाकायचा. जुना चालतो, मोबाइलवरचा चालतो, कडा कापलेल्या चालतात. दुसऱ्यानं काढलेला चालत नाही. 'दारं' झाला, 'पिवळा' झाला (निम्म्या जणींनी जेजुरीचा भंडारा टाकला, उरलेल्यांनी आंबे). आता 'सावली' आलाय आणि मी अडकलेय.

माझ्याकडे दोन फोटो आहेत. एक जयपूरच्या जंतरमंतरचा, दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो तेव्हाचा. सम्राट यंत्राचा (सावलीवरून वेळ दाखवणारं ते अवाढव्य घड्याळ) तो उंच जिना, मागे निळंशार आभाळ, बाजूच्या कमानीवर सावली. बघणारा "वा!" म्हणतोच.

दुसरा आमच्या गच्चीवरचा, परवाचाच. जाऊबाई आणि मी कुरडया घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटवायला वर गेले, तर ऊन नुकतंच पाण्याच्या टाकीवरून खाली उतरलेलं. कुरडयांच्या कडा वाळून जरा उचलल्या होत्या आणि खाली जुन्या पातळावर त्यांच्या शेवांची सावली पडली होती, एकेक वेटोळं सुटं दिसावं अशी. कुरडईपेक्षा सावलीच रेखीव! तिथेच उकिडवी बसून फोटो काढला.

ह्यांचं म्हणणं, जयपूरचाच टाक, कुरडया काय घरोघरी असतात. लेक म्हणते कुरडयाच. तुम्ही काय टाकाल? आणि अजून एक: डोळ्यांना ती सावली चांगली काळी दिसत होती, फोनमध्ये मात्र राखाडी, फिक्की आली. असं का होतं?

खटपट्या
जयपूर! यात विचारायचं काय? कुरडयांचा फोटो बघून लोक तळायला घेतील, सावली राहील बाजूला.

ऊन_पाऊस
ताई, आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात विषय ठरवायचं काम बरेच दिवस माझ्या गळ्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खटपट्या, तुमचं पटलं नाही.

प्रवासातल्या फोटोंची गोम अशी की जागाच सगळी दाद खाऊन टाकते. "वा!" येते ती यंत्राला येते, ते बांधणाऱ्या सवाई जयसिंगाला येते. तुमच्या फोटोच्या वाट्याला त्यातलं किती, ते कळत नाही. आमच्याकडे 'रांग' हा विषय होता तेव्हा वारीचे फोटो ढिगाने आले आणि सगळे छान होते. पण लक्षात राहिला तो रेशनच्या दुकानापुढचा. माणसांच्या जागी नुसत्या पिशव्या रांगेत ठेवलेल्या, एकीवर चप्पल.

तरी जंतरमंतर असं सरसकट बाद करू नका. सावली हे तिथलं शोभेचं काम नाही, तो सगळा खटाटोपच सावलीसाठी आहे. सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या भिंतीची सावली बाजूच्या वळणदार मापपट्टीवर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. मिनिटभर उभं राहिलं तर ती हलताना डोळ्यांना दिसते. तुमच्या फोटोत ती सावलीची कड आणि पट्टीवरच्या खुणा असतील, तर 'सावली'साठी त्याहून चांगलं काही सापडायचं नाही. पण नुसता जिना आणि आभाळ असेल, तर तो 'जयपूर' या विषयाचा फोटो झाला. सावली बोटानं झाकून पाहा. तरीही फोटो तितकाच चांगला वाटला तर तो या विषयाचा नव्हे.

आता सावली रेखीव का आली ते. सूर्य आपल्याला ठिपक्यासारखा नाही, तबकडीसारखा दिसतो. त्यामुळे वस्तू जमिनीपासून जितकी लांब, तितकी तिच्या सावलीची कड धूसर. जयपूरच्या त्या प्रचंड भिंतीची कड जवळून पाहिली तर चांगली पसरट दिसते, नेमकी रेघ कुठे धरावी कळत नाही. तुमच्या कुरडईची शेव पातळापासून बोटभरही वर नाही, म्हणून धारदार सावली. हवं तर वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीची सावली त्याच गच्चीवर पाहा, फरक कळेल.

वेळही तुम्हाला बरोबर मिळाली. आत्ता मे महिन्यात भर दुपारी गेला असतात तर हाती काही लागलं नसतं. साताऱ्यात १० मेच्या आसपास, पुण्यात त्यानंतर तीन-चार दिवसांनी, मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आगेमागे सूर्य अगदी डोक्यावर येतो. घड्याळात बारा वाजता नाही, आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास. सरळ उभ्या खांबाची सावली तेव्हा त्याच्या बुडाशीच गडप होते. जुलैअखेरीस सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग.

फोनचं म्हणाल तर तो सावलीला दोष समजतो. उजेड-अंधार दोन्ही दिसावेत म्हणून अंधारातला भाग आपणहून उजळतो. फोटो काढताना उन्हातल्या पांढऱ्या भागावर बोट ठेवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा. बहुतेक फोनमध्ये हे आहे. काढलेल्या फोटोतही एडिटमध्ये जाऊन 'शॅडोज' (अंधाऱ्या भागाचा उजेड) कमी करून पाहा, बरंच सुधारेल.

शाहूपुरी_सातारा
ऊन_पाऊस, किती छान समजावलंत! बोटानं झाकून पाहिलं. जयपूरच्या फोटोत सावली आहे, पण तिच्यावर नेमका आमचा पुतण्या उभा आणि त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट. पट्टीवरच्या खुणा औषधालासुद्धा नाहीत. म्हणजे कुरडयाच. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, जयपूरचं तिकीट त्यांनी काढलं होतं ना.

शॅडोज कमी केल्यावर पातळाची वीणसुद्धा उठून दिसायला लागली. पण एक विचारते, असे फोटो बघताना "त्यात काय एवढं" म्हणणारे भेटतात, त्यांचं काय करायचं? आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे, तिला परदेशातला असल्याशिवाय फोटो दिसतच नाही.

पेठेतली_सई
तिला पुढचा विषय 'पोळपाट' द्या 😄

जयपूरचा फोटोही वाया घालवू नका ताई. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' म्हणून ऐतिहासिक वास्तूंच्या फोटोंची स्पर्धा असते. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली, आता अनेक देशांत होते, बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात. फोटो कधीही काढलेला चालतो, चढवायचा मात्र स्पर्धेच्या मुदतीत. त्या वर्षी आपला देश भाग घेतोय का, ते आधी पाहायचं. आणि एक समजून घ्या, फोटो मुक्त परवान्याखाली द्यावा लागतो. म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही तो वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा. ते मान्य असेल तरच द्या. पुतण्याचा चेहरा दिसतोय, तर त्याच्या आईबाबांना विचारल्याशिवाय नको. त्याच्याशिवायचा एखादा असेलच की गॅलरीत.

खटपट्या
मी हरलो. ताई, तो फोटो इथेही टाका. आणि तळलेल्या कुरडयांचाही.

शाहूपुरी_सातारा
टाकते संध्याकाळी, दोन्ही. पुढचा विषय मला द्यायचाय, 'दगड' म्हणून जाहीर करणार आहे. जूनमध्ये संभाजीनगरला लग्नाला जातोय, एक दिवस वेरूळला काढायचा विचार आहे. स्वार्थ आहे, लपवत नाही.

ऊन_पाऊस
मग दुपारनंतर जा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. तीननंतर ऊन तिरकं आत शिरलं की छिन्नीचे घाव दिसायला लागतात. अख्ख्या कैलासाचा फोटो ह्यांना काढू द्या, तुम्ही हातभर भिंत धरा. ट्रायपॉड नेऊ नका, त्याला वेगळी परवानगी लागते. दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला जाणार असाल तर तिथे फ्लॅश चालत नाही. आणि लग्नाची तारीख बघून ठरवा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.