न पाहिलेल्या क्लासिक गाडीला विसार: मूर्खपणा की व्यवहार?

कार्ब्युरेटर_काका (धागाकर्ता)

परवा इथे एकाने लिहिलं, "जी गाडी हाताने चाचपली नाही तिच्यासाठी लांबच्या विक्रेत्याला टोकन देणारा माणूस फसायच्याच लायकीचा असतो." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रीघ लागली. मला हे वाक्य लागलं. दोन ओळींत त्याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

जुन्या गाड्या आपल्या सोयीने विकायला निघत नाहीत. हवं ते मॉडेल, हव्या त्या वर्षाचं, पत्रा धड असलेलं, असं काही कधीतरी निघतं आणि ते हजार-दीड हजार किलोमीटर लांब असतं. जाऊन बघायचं तर रजा हवी, प्रवास हवा, सोबत जाणकार हवा. तेवढ्यात गाडी दुसरा कोणी घेऊन जातो. "मी येऊन तपासेपर्यंत ही कुणाला देऊ नका" एवढ्यासाठी विसार असतो. त्याने गाडी पास केली असं होत नाही.

फसतो तो अंतरामुळे नाही, तोंडी व्यवहारामुळे. पावतीवर चासी नंबर, ठरलेली पूर्ण किंमत, किती तारखेपर्यंत गाडी राखली आहे, तपासणी कोण करणार, आणि जाहिरातीत लिहिल्यापेक्षा वेगळं निघालं तर सगळे पैसे परत, एवढं आलंच पाहिजे. पैसे कागदपत्रांवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. आणि त्याआधी रात्रभर थंड राहिलेलं इंजिन चालू करतानाचा सलग, न कापलेला व्हिडिओ. हे सगळं करणाऱ्याला मूर्ख म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

---

गंजाचा_वैरी

ते वाक्य मीच लाइक केलं होतं, आणि अजूनही मागे घेत नाही.

काका, कागद तुम्ही चांगला लिहिलात, माणूस विसरलात. पैसे एकदा गेले की गाडी मनात आपली झालेली असते. मग तपासणीत काही निघालं की "एवढं चालतंच की जुन्या गाडीत" असं आपणच म्हणायला लागतो. मी असे लोक पाहिलेत. तपासणीसाने नको म्हटलं, तरी घेतली.

आणि व्हिडिओत काय दिसतं? जॅग्वार ई-टाइप घ्या. पुढचं इंजिन ज्या नळ्यांच्या सांगाड्यावर बसतं त्या नळ्या आतून गंजतात. वरून रंग चकचकीत. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; दारांखालचे सिल (पत्र्याचे लांब पट्टे) भार पेलतात. सडलेल्या सिलवर नवा पत्रा वेल्ड करून रंग मारला की फोटोत गाडी नवरी दिसते. दार उघडलं आणि नीट लागेना, तेव्हा कळतं की मधून बसली आहे. हे लांबून कोण बघणार?

आधी तपासणीस पाठवा, त्याची फी द्या, ती बुडाली तर बुडाली. विसार त्यानंतर.

---

कार्ब्युरेटर_काका

तपासणीस उद्या सकाळी जातो का? चांगल्या माणसाची तारीख मिळायला दोन-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस गाडी कोण धरून ठेवणार, आणि कशासाठी?

---

मी_विकतो

अखेर कुणीतरी विकणाऱ्याच्या बाजूने बोललं.

माझा अनुभव ऐका. एका गृहस्थांनी गाडी "नक्की" केली. टोकन मागितलं तर म्हणाले, विश्वास नाही का? ठेवला विश्वास. खालून फोटो, डिकीतून फोटो, डॅशबोर्डमागच्या वायरिंगचे फोटो, सगळे पाठवले. त्या काळात दोन चांगली गिऱ्हाइकं परत पाठवली. मग साहेबांचा फोन लागेना. पुढे कळलं की त्यांनी दुसरीकडून गाडी घेतली होती. त्या दोघांपैकी एकही परत आला नाही.

तेव्हापासून टोकनशिवाय मी कुणासाठी एक दिवससुद्धा गाडी राखत नाही. आणि टोकन परत मिळत नाही. कोणत्याही कारणाने नाही.

---

शंकेखोर

कोणत्याही कारणाने म्हणजे? तुम्ही "पत्रा ओरिजिनल" लिहिलं आणि खाली बोटभर पुट्टी निघाली, तरी पैसे तुमचे? मग विश्वास कुणी कुणावर ठेवायचा?

फ्रेंच दिवाणी संहितेच्या 1590व्या कलमात सरळ हिशेब आहे: असा विसार देऊन ठरलेला सौदा घेणाऱ्याने मोडला तर विसार बुडतो, विकणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत करायचा. दोघांनाही चटका. तुमच्या अटीत चटका फक्त एकाला आहे.

---

मी_विकतो

कायदा मला शिकवू नका. प्रत्येक देशाचा वेगळा असतो. माझं नुकसान झालं तेव्हा कुठलं कलम धावून आलं?

---

पोळलेला

माझंही ऐकून घ्या. सुंदर गाडी, बाजारभावापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त. विक्रेता गोड बोलणारा, कामानिमित्त परदेशी आहे म्हणे, गाडी वाहतूक कंपनीच्या गोदामात. पैसे मधल्या तिऱ्हाईत संस्थेकडे ठेवू, गाडी पोचली की ते सोडतील, असं त्यानेच सुचवलं आणि लिंकही त्यानेच पाठवली. ती संस्थाच बनावट. गाडीचे फोटो दुसऱ्याच एका जुन्या जाहिरातीतले. बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः पाठवलेले पैसे आम्ही मागे आणू शकत नाही.

काकांच्या सगळ्या अटी छान आहेत. समोर माणूसच नसेल तर त्या पावतीवर सही कोण करणार?

---

नंबर_जुळले_पाहिजेत

इथे गंज झाला, पुट्टी झाली, कलमं झाली. इंजिन नंबरबद्दल एक शब्द नाही!

विसार देण्याआधी मी एकच गोष्ट मागतो, सगळ्या नंबरांचे फोटो. जॅग्वारच्या वारसा संस्थेकडून जुन्या नोंदींचा दाखला मिळतो. त्यात चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्सचे नंबर असतात, मूळ रंग असतो, कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख असते. दाखल्यातलं इंजिन गाडीत नसेल तर माझ्या लेखी ती ती गाडीच नाही. संवाद तिथेच बंद.

---

बीटल_आमची

"ती ती गाडीच नाही" हे वाचून डोकंच फिरलं.

फोक्सवॅगन स्वतः जुनं इंजिन घेऊन कारखान्यात दुरुस्त केलेलं बदली इंजिन देत असे. रोज राबलेल्या बीटलचं इंजिन बदललेलं असणं हेच स्वाभाविक आहे. 2003पर्यंत 2 कोटींहून जास्त बीटल बनल्या. त्या कामाला, शाळेला, बाजारला नेण्यासाठी बनल्या होत्या. चासी नंबर बघायचा असेल तर मागची सीट उचला, मधल्या बोगद्यावर ठोकलेला आहे. तो कागदाशी जुळला की झालं.

---

नंबर_जुळले_पाहिजेत

बीटलचं ठीक. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारला हाच न्याय लावून बघा. तिथे किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून तर लोक इंजिनच्या ब्लॉकवरचा मूळ नंबर घासून नवा ठोकतात. घासताना कारखान्यातल्या मशिनच्या बारीक समांतर रेघा जातात, जाणकाराला तिथेच कळतं. तुम्हाला फरक पडत नसेल, पैसे मोजणाऱ्याला पडतो.

---

बीटल_आमची

वडिलांनी ज्या गाडीत मला चालवायला शिकवलं तिच्यात तिचं पहिलं इंजिन नव्हतं. ती गाडी नव्हती का? तुमच्यासारख्यांनी या छंदाचा शेअर बाजार केलाय. चालवायच्या गाड्या बंद शेडमध्ये पडून राहतात, का, तर किलोमीटर वाढले की किंमत उतरते. दाखला फ्रेम करून भिंतीवर लावा आणि गाडी चालवणाऱ्याला द्या.

---

नंबर_जुळले_पाहिजेत

वैयक्तिक बोलायची गरज नव्हती. माझी गाडी मी चालवतो, पावसातसुद्धा. खोट्या नंबराची गाडी खऱ्याच्या भावात विकणं ही चोरी आहे, आणि चोरीला चोरी म्हणणं म्हणजे शेअर बाजार नव्हे.

---

गंजाचा_वैरी

दोघांनाही विचारतो. 1988पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी तयार मिळायला लागली, जुन्याच साच्यांवर काढलेली. सडलेल्या गाडीचं इंजिन, चाकं, नंबरप्लेट उचलून नव्या बॉडीला लावली. नंबर सगळे जुळतात, पत्रा सगळा नवा. ही कुठली गाडी?

---

बीटल_आमची

गंजून भंगारात जाण्यापेक्षा बरी.

---

नंबर_जुळले_पाहिजेत

चांगली गाडी. मात्र जाहिरातीत "नवी बॉडी" असं स्पष्ट लिहिलं पाहिजे. लपवलं तर फसवणूक. आणि हो, अशा गाडीत नुसत्या नंबरांनी भागत नाही, एवढं मी मान्य करतो.

---

कार्ब्युरेटर_काका

एवढं भांडलात ते माझ्या पावतीच्या कामाचं आहे. इंजिन मूळ की बदललेलं, बॉडी मूळ की नवी, रंग किती वेळा झाला, हे विक्रेत्याने विसार घेताना लेखी द्यायचं. लिहायला नकार दिला तर तिथूनच मागे फिरायचं.

पोळलेल्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून एक अट वाढवतो: गाडीशेजारी उभं राहून थेट व्हिडिओ कॉल. आपण सांगू ते दार त्याने उघडायचं, सांगू तो नंबर दाखवायचा. आणि तिऱ्हाईताकडे पैसे ठेवायचे तर ती संस्था आपण शोधायची, त्याने पाठवलेल्या लिंकला हात लावायचा नाही.

---

मी_विकतो

ठीक आहे. मी लिहिलेलं खोटं निघालं तर टोकन परत देईन. पण तुम्ही आलात, गाडी सांगितली तशीच निघाली, आणि घरी जाऊन "बायको नको म्हणते" असा फोन केलात, तर एक पैसा परत मिळणार नाही. यावर मी हटणार नाही.

---

शंकेखोर

आणि राखलेल्या मुदतीत तुम्हीच जास्त भाव देणाऱ्याला विकलीत तर?

---

मी_विकतो

टोकन परत.

---

शंकेखोर

दुप्पट?

---

मी_विकतो

परत. शिवाय तपासणीसाची फी झाली असेल तर ती. दुप्पट नाही.

---

गंजाचा_वैरी

फी देणारा विक्रेता मला तरी भेटलेला नाही. असं लेखी देणार असाल तर तुम्हाला विसार द्यायला माझी हरकत नाही. बाकीच्यांबद्दल माझं मत आहे तेच आहे, आणि काका, पैसे गेल्यावर मन कसं वागतं याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

---

कार्ब्युरेटर_काका

त्यासाठी तपासणीस आपला मित्र नको, अनोळखी हवा. आणि काय निघालं की गाडी सोडायची हे विसार पाठवण्याआधी त्याला लिहून द्यायचं. सिल सडलेले, सोडायची. नळ्या आतून गेलेल्या, सोडायची. निकाल त्याने सांगायचा, नंतर आपण घासाघीस करायची नाही.

---

गंजाचा_वैरी

हे जमेल असा माणूस मला अजून बघायचाय. पण करून बघा, आणि अहवाल आला की इथे टाका.