पाळीआधीच्या दुखण्यावर गोळी नेमकी कधी घ्यावी?

सुईदोरा:
अक्कलकोट रोडला गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर आहे. पाळी यायच्या आधीच कंबर धरते, छाती दुखते, डोकं ठणकतं. शाळा उघडायच्या आधी कामाची घाई, सुट्टी मागायची सोय नाही. शेजारची ताई म्हणते, चहाबरोबर मेफ्टाल स्पास घे. सासूबाई म्हणतात, असल्या गोळ्यांनी मूल राहत नाही. कुणाचं ऐकू?

गोळीवाली:
ताई, मी सोलापुरातच मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. पाळी जवळ आली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन (कळा आणणारे घटक) वाढतात. कळा, कंबरदुखी, काहींना जुलाब होतात ते त्यापायीच. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं ते तयारच होऊ देत नाहीत. आधी तयार झालेलं मात्र गोळीनं जात नाही. म्हणून आडवं पडायची वेळ येईपर्यंत सोसू नका, चाहूल लागली की घ्या, पण जेवून. चहा म्हणजे जेवण नव्हे, भाकरी पोटात गेलीच पाहिजे.

मेफ्टाल स्पासमध्ये २५० मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिडबरोबर १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन असतं. त्यानं कळ सैल होते, पण तोंड कोरडं पडतं, गरगरतं, झापड येते. सुईजवळ बोटं असणाऱ्या बाईनं त्याऐवजी दुसरी कुठली चालेल ते डॉक्टरांना विचारावं.

आणि पाणी! संडासला उठायला लागू नये म्हणून कारखान्यातल्या कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. आपल्याकडचा मे महिना, वर पत्रा, अंगात पाणी नाही आणि वर ही गोळी, तर किडनीवर ताण येतो. बाटली मशीनशेजारी ठेवा. अंगावर पुरळ, ताप आला तर गोळी बंद आणि सरळ दवाखाना.

पाळीपुरत्या घेतलेल्या गोळ्यांनी वांझपण येत नाही, सासूबाईंना सांगा. पण मूल हवंय म्हणून प्रयत्न चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. कधी दिवस राहिलेले असतात आणि आपल्याला वाटतं पाळीचंच दुखतंय.

सातरस्ता_कन्या:
माझी डोकेदुखी थांबते, पण रडू आणि चिडचिड तशीच.

गोळीवाली:
त्यावर ही गोळी फारशी चालत नाही. त्याचे उपचार वेगळे आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणी सांगा.

सुईदोरा:
लहानपणी मला दमा होता. आता नाही. चालेल ना?

गोळीवाली:
थांबा! या गोळ्यांनी काहींचा दमा उसळतो. डॉक्टरांना दम्याचं सांगितल्याशिवाय एकही घेऊ नका, ताईच्या पाकिटातली तर नाहीच. तोवर कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावा.