1955 ची बीटल : मूळची की जुळवलेली?

प्रश्न : मागे लंबगोल काच असलेली, 1955 ची म्हणून सांगितली जाणारी एक फोक्सवॅगन बीटल विक्रीस आहे. विक्रेता ती संपूर्ण मूळ असल्याचे सांगतो. परंतु रंग इतका ताजा आहे की शंका येते. खात्री कशी करावी?

उत्तर : केवळ काचेवर विसंबू नका. तशी काच मार्च 1953 पासून 1957 च्या मध्यापर्यंतच बसवली जात असल्यामुळे नंतरच्या गाडीला जुना पत्रा जोडण्याचा मोह होतो. मागचे आसन उचलून मधल्या बोगद्यावर (तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या पत्र्याच्या उंचवट्यावर) ठोकलेला चॅसिस क्रमांक, म्हणजे सांगाड्याचा क्रमांक, टॉर्च तिरकी धरून पाहा. मी पाहिलेल्या एका गाडीत आकड्यांभोवतीचे ग्राइंडरचे ओरखडे रंगाखालूनही दिसत होते. मी ती तिथेच सोडली.

उत्तर : सहमत आहे. मात्र इंजिन बदललेले आढळले, एवढ्यावरून गाडी नाकारू नये, कारण या गाड्यांत ते सर्रास बदलले जाई. सांगाड्यात फसवणूक झाली तर मात्र उपाय उरत नाही. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली असते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. मूळ रंग कसा ओळखावा?

उत्तर : काचेच्या रबराखाली आणि डॅशबोर्डच्या मागे पाहा. रंगवणाऱ्याचा हात तिथे सहसा पोहोचत नाही.